समाधान पगारात धरू नका

८ डिसेंबर २०२३ ला केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. तो शुक्रवार होता. मी नाशिकला कॉलेजात तासिकेवर अर्थशास्त्र शिकवते. पुढच्या सोमवारी माझ्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गावर 'पुरवठ्याची लवचिकता' हा घटक होता. टाइमटेबल कधीच लागलेलं होतं, त्यामुळे हा योगायोग सरकारच्या खात्यावर टाकते. वर्गातली निम्मी मुलं निफाड, चांदवड, येवल्याकडची. मी फळ्यावर पुरवठ्याची जवळजवळ उभी रेषा काढली आणि पुस्तकातलं वाक्य म्हणून टाकलं, की नाशवंत मालाचा पुरवठा अल्पकाळात अलवचिक असतो, म्हणजे भाव बदलला तरी फारसा हलत नाही. मागच्या बाकावर एक मुलगा बसायचा. तोवर हजेरीपुरताच बोललेला. तो उभा राहिला. "मॅडम, कांदा म्हणजे कोणता? उन्हाळ का लाल?"

मला फरक माहीत होता, म्हणजे बाजारातून पिशवी घेऊन येणाऱ्या बाईला असतो तेवढा. पुढची वीस मिनिटं त्यानेच वर्ग घेतला. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलात निघतो, नीट सुकवला तर चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, पाच-सहा महिने राहतो, भाव पडला तर शेतकरी थोडा दम धरू शकतो. लाल कांद्याला चाळ नाही. काढला की ट्रॅक्टर भरायचा, लासलगावला न्यायचा आणि जो पुकारा होईल त्या भावाला सोडून यायचं. बंदी आली तेव्हा बाजारात लाल कांदा होता, म्हणून ती इतकी लागली. "ज्याला थांबता येतं त्याला भाव विचारतात मॅडम, आम्हाला सांगतात."

तास संपता संपता पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मग तासिकावाले सर-मॅडम म्हणजे लाल कांदाच ना?" वर्ग हसला. मीही हसले. मग सिटीलिंकच्या बसमध्ये नाशिकरोडपर्यंत तेच डोक्यात घोळत राहिलं, कारण पोरीने नेमकं बोट ठेवलं होतं. माझा मंगळवारचा नऊचा तास गणपतीच्या सुट्टीत गेला, तर तो जपून ठेवून बुधवारी विकता येत नाही. तो गेला.

ज्यांचा कॉलेजशी संबंध पदवीबरोबर संपला त्यांच्यासाठी थोडं सांगते. घड्याळी तासिका तत्त्व, आमच्या बोलीत सीएचबी. एखादं पूर्ण वेळ पद रिकामं असतं, ते भरायला परवानगी नसते किंवा भरायचं नसतं, आणि त्या पदाच्या तासिका मात्र कुणीतरी घ्याव्याच लागतात. मग त्या वाटून माझ्यासारख्यांना दिल्या जातात. शिकवलेल्या तासाचे पैसे मिळतात. दिवाळीचे नाहीत, परीक्षेच्या काळाचे नाहीत, आजारपणाचे तर नाहीतच. एप्रिलमध्ये नेमणूक संपते. जुलैत त्याच खुर्चीसाठी पुन्हा जाहिरात, पुन्हा मुलाखत. मुलाखत घेणाऱ्यांना माझं नाव, विषय, मूल कितवीत आहे हे सगळं माहीत असतं. तरी "आपला परिचय द्या" होतंच. अशा अकरा मुलाखती मी दिल्या आहेत. एकदा परिचयात मी चुकून आदल्या वर्षीचंच वाक्य बोलले आणि समितीतल्या एका सरांनी ते पूर्ण केलं.

तरीही मी टिकले, आणि नुसती कुढत टिकले नाही. मला या कामात आनंद मिळतो. शहरातल्या कॉलेजातल्या सकाळच्या तासिका, मग एसटीने तालुक्याच्या गावातलं दुसरं कॉलेज, या धावपळीतही असे दिवस येतात की त्या लाल कांद्याच्या तासासारखं काहीतरी घडतं आणि आठवडा तरून जातो. त्यामुळे नवीन लागलेली मुलं-मुली मला विचारतात, "मॅडम, तुम्ही एवढ्या समाधानी कशा?" प्रश्न प्रेमाचा असतो. पण हाच शब्द जेव्हा पाच सप्टेंबरला व्यासपीठावरून येतो तेव्हा माझे कान टवकारतात.

शिक्षकदिनाला आम्हाला गुलाबाचं फूल मिळतं. परमनंट लोकांनाही तेच फूल, त्या दिवशी खरी समानता असते. मग कुणीतरी पाहुणे सांगतात की शिक्षकाची खरी कमाई म्हणजे विद्यार्थ्यांचं प्रेम, पैशात न मोजता येणारं समाधान. टाळ्या. एका वर्षी हे भाषण झालं तेव्हा आमचं जुलैचं बिल अजून 'वर' गेलेलं नव्हतं. समोर बसलेल्या आम्ही सात-आठ जणी आणि चार-पाच जण एकमेकांकडे बघत होतो. पाहुण्यांना त्याची कल्पना नसणार, त्यांच्यावर माझा राग नाही. राग त्या हिशेबावर आहे, ज्यात समाधान ही पगाराची एक बाब म्हणून धरलेली असते. इतके रुपये रोख, आणि उरलेले समाधानात.

मला म्हणायचं आहे ते एवढंच. शिकवण्यातलं समाधान खरं आहे, पण ते माझं आहे. मी ते वर्गात कमावते, संस्था किंवा सरकार मला ते देत नाही. जे दिलेलं नाही ते देण्याच्या बाजूला कसं मांडणार? डॉक्टरला रोगी बरा झाल्याचा आनंद होतो म्हणून कुणी त्याची फी कापून देत नाही. हे फक्त शिक्षकाच्या, नर्सच्या, अंगणवाडीतल्या बाईच्या बाबतीत चालतं. आणि यात बायका जास्त आहेत हे निव्वळ योगायोगाने झालेलं नाही. "बाईमाणसाला बरं आहे, घर सांभाळून होतं" हे वाक्य मी नातेवाइकांकडून ऐकलंय, स्टाफरूममध्ये ऐकलंय आणि एकदा मुलाखत समितीतही ऐकलंय.

आपल्या भाषेनेही इथे थोडी लबाडी केली आहे. परमनंट माणसाला मिळतं ते वेतन, आम्हाला मिळतं ते मानधन. मान नाही आणि धन नाही, ही कोटी इतकी जुनी झाली की आता सीएचबीवाले स्वतःसुद्धा करत नाहीत. पण शब्दातला फरक कोटीपुरता नाही. वेतन हक्काचं असतं, थकलं तर मागता येतं. मानधन दिल्याबद्दल आभार मानायचे असतात.

हे मला नीट समजलं ते एका रविवारी. मी मुक्त विद्यापीठाच्या एका अभ्यासकेंद्रावर समंत्रक म्हणून, म्हणजे शिकवायला, जाते. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नाशिकचं आहे, गंगापूर धरणाच्या वाटेवर गोवर्धनला त्याचं मुख्यालय, आणि 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद. रविवारच्या संपर्कसत्राला जे बसतात त्यांच्याइतका चांगला वर्ग मला आठवड्यात दुसरा मिळत नाही. अंबडच्या कंपनीतून रात्रपाळी करून थेट आलेला फिटर, लग्नानंतर वीस वर्षांनी बी.ए. करणारी बाई, होमगार्डमधला एक तरुण. डुलकी लागते त्यांना, पण प्रश्न विचारतात तेव्हा खरे विचारतात. त्यात एक अंगणवाडी सेविका होत्या. राष्ट्रीय उत्पन्न मोजताना कोणतं काम धरतात आणि कोणतं नाही, हे चाललं होतं. त्या म्हणाल्या, "आम्हाला पगार नाही मॅडम, मानधन. तुम्हाला?" मी म्हटलं, "मलाही मानधनच." त्यांना इतकं आश्चर्य वाटलं की त्या म्हणाल्या, "मग एवढं शिकून काय फरक?"

फरक उलटा निघाला. अंगणवाडी सेविकांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये सांगितलं की त्यांना मिळणारं मानधन हे ग्रॅच्युइटीच्या कायद्यापुरतं वेतनच आहे आणि त्या ग्रॅच्युइटीला पात्र आहेत. त्यांच्या संघटना रस्त्यावर बसल्या, कोर्टात गेल्या, आणि शब्दाचा अर्थ बदलून आणला. आम्ही नेट-सेटवाले (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा पास झालेले), पीएच.डी.वाले मात्र एकमेकांशी स्पर्धा करतोय, कारण प्रत्येकाला वाटतं की पुढच्या जाहिरातीत आपला नंबर लागेल.

आणि ही जाहिरात कशी येते ते बघा. २०१८ मध्ये राज्याने अनुदानित महाविद्यालयांतल्या ३,५८० सहायक प्राध्यापक पदांना परवानगी दिली. त्यातली १,४९२ भरली गेली, तोवर कोरोना आला आणि भरती थांबली. उरलेल्या २,०८८ पदांना पुन्हा हिरवा कंदील मिळाला तो २०२१ मध्ये. तीन वर्षांत तीच पदं दोनदा बातमीत आली, आणि दोन्ही वेळा घरच्यांनी मला फोन करून "आता तुझं होणार" म्हणून सांगितलं. माझ्या विषयाचं पद आरक्षणाच्या रोस्टरमध्ये माझ्या प्रवर्गाला नव्हतं, हे फोनवर समजावणं अवघड असतं. भरतीतल्या 'रेट'बद्दल स्टाफरूममध्ये जे बोललं जातं ते इथे लिहीत नाही. माझ्याकडे पुरावा नाही, आणि ऐकीव गोष्टींवर लेख उभा करायचा नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम वाचायला बसलं की वाटतं, कुणीतरी आपली बाजू मांडून ठेवली आहे. २०१८ च्या नियमावलीत स्पष्ट आहे की कंत्राटी नेमणुका अगदीच गरज असेल तेव्हा कराव्यात, एकूण पदांच्या दहा टक्क्यांवर जाऊ नयेत, आणि त्यांना मिळणारी रक्कम नियमित सहायक प्राध्यापकाच्या मासिक वेतनापेक्षा कमी नसावी. सातव्या वेतन आयोगात त्या पदाचं मूळ वेतनच ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं. जानेवारी २०१९ मध्ये अनुदान आयोगाने अतिथी अध्यापकांसाठी तासाला १,५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये असा दर सुचवला. आमच्याकडचा दर त्याच्या खाली आहे. गेल्या वर्षीचा माझा सगळ्यात भरलेला महिना सव्वीस हजारांचा होता आणि दिवाळीचा महिना सात हजारांचा. वाढ झालीच नाही असं नाही. मी लागले तेव्हाच्या मानाने तासाचा दर बराच वर गेला आहे. पण दर तासाचा वाढतो, आणि तास किती मिळणार हे दर जुलैत नव्याने ठरतं.

त्याच नियमावलीतलं एक कलम मात्र मी मुलांना विरोधाभासाचं उदाहरण म्हणून सांगते. तात्पुरत्या किंवा कंत्राटी नोकरीचा अनुभव पुढे नेमणुकीसाठी वा बढतीसाठी धरायचा, तर एक अट अशी की त्या काळात नियमित सहायक प्राध्यापकाच्या वेतनापेक्षा कमी रक्कम मिळालेली नसावी. म्हणजे मला कमी पैसे दिले गेले, आणि कमी दिले गेले म्हणून मी शिकवलेली वर्षं वर्षं नाहीत. चूक एकाची, दंड दुसऱ्याला, आणि पावती पहिल्याच्या नावावर.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांच्या प्रकरणात निकाल दिला. तिथे त्यांना महिना तीस हजार मिळत होते, आणि तेच काम करणाऱ्या नियमित लोकांना त्याच्या कितीतरी पट. न्यायालयाने त्यांना सहायक प्राध्यापकाच्या वेतनश्रेणीतलं किमान वेतन द्यायला सांगितलं, आणि समारंभांत 'गुरुर्ब्रह्मा गुरुर्विष्णुः' म्हणत राहणं पुरेसं नाही, अशा आशयाचं सुनावलंही. समान कामाला समान वेतन हे तत्त्व तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू आहे, हे त्याच न्यायालयाने २०१६ मध्ये पंजाबच्या प्रकरणात सांगून झालं होतं. गुजरातचा निकाल आला त्या दिवशी आमच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर दोनशे मेसेज आले. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे आपापल्या तासांना गेले.

आता संस्थाचालकांची बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती अगदीच पोकळ नाही. अनुदानित कॉलेजला पद भरायचं तर शासनाची परवानगी लागते, ती वर्षानुवर्षं येत नाही. कला शाखेचे प्रवेश कमी-जास्त होतात, त्यात नवीन शैक्षणिक धोरणाने विषयांची सगळी मांडणीच हलवली; दोन वर्षांनी अर्थशास्त्राच्या किती तासिका राहतील हे प्राचार्यांनाही सांगता येत नाही. अशा वेळी पूर्ण वेळ माणूस घेऊन अडकायचं कसं? प्रश्न रास्त आहे. पण अस्थिर काय आहे हे एकदा मोजून बघू. माझ्या आठवड्याच्या नऊ तासिका अकरा वर्षं नऊच आहेत. त्याच पदाच्या उरलेल्या नऊ दुसऱ्या एक मॅडम घेतात, त्यांची सात वर्षं झाली. आम्ही दोघी मिळून आठवड्याला अठरा. आयोगाच्या नियमाप्रमाणे पूर्ण वेळ सहायक प्राध्यापकाला थेट अध्यापन सोळा तासांचं असतं. अकरा वर्षं न हललेल्या गोष्टीला अस्थिर म्हणायचं, तर गोदावरीच्या घाटालाही तात्पुरता म्हणावं लागेल.

यात आणखी एक गोंधळ आहे, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अर्धवेळ शिक्षक या एकाच नावाखाली दोन वेगळी माणसं आपण कोंबली आहेत. कॅनडा कॉर्नरला ऑफिस असलेले एक सीए आमच्या कॉलेजात आठवड्यातून दोन दिवस जीएसटी शिकवायला यायचे. जिल्हा न्यायालयात वकिली करणारी माझी मैत्रीण विधी महाविद्यालयात तास घेते. सातपूरचा इंजिनिअर, वायनरीतला माणूस, द्राक्षाची निर्यात करणारा शेतकरी, असे लोक कॉलेजात यायला हवेत. त्यांनी शिकवलेलं आमच्या पुस्तकांत नसतं. त्यांच्यासाठी अर्धवेळ हीच योग्य रचना. त्यांना पूर्ण वेळ नोकरी दिली तर ते आपला धंदा सोडून येतील आणि मग त्यांच्याकडे सांगण्यासारखं नवीन काही राहणार नाही. आयोगाने २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' नावाची वाट काढली ती अशाच लोकांसाठी, आणि तिथेही मंजूर पदांच्या दहा टक्के ही मर्यादा घातली.

दुसरं माणूस म्हणजे मी. माझं शिकवणं हाच माझा धंदा. मला तासावर ठेवणं म्हणजे स्वयंपाकीणबाईला भांड्यागणिक पैसे देणं. त्या सीए सरांसाठी जी व्यवस्था सन्मानाची, तीच माझ्यासाठी काटकसरीची होते. पण कागदावर दोघेही सीएचबी, त्यामुळे कुणी प्रश्न विचारला की सरांकडे बोट दाखवता येतं: बघा, किती आनंदाने येतात! येतातच. त्यांना महिनाअखेरीला या पैशांची आठवणही नसते.

मग माझ्यासारखीने काय करावं? वाट बघावी, हे उत्तर मी सात वर्षं दिलं. ते सगळ्यात वाईट होतं. वाट बघणाऱ्या माणसाला सगळं पुढे ढकलण्याची सवय लागते. स्कूटर बदलायची, परमनंट झाल्यावर. दुसरं मूल, परमनंट झाल्यावर. नको असलेल्या कामाला नाही म्हणायचं, तेही परमनंट झाल्यावर. कॉलेजचं मूल्यांकन करणारी नॅकची समिती येणार म्हणून मी तीन आठवडे रात्री आठपर्यंत फायली लावल्या, आणि ज्या तक्त्यात पूर्ण वेळ शिक्षक मोजतात त्यात माझं नाव नव्हतं. तो तक्ताही मीच टाइप केला होता. माझे एक सहकारी आता पंचेचाळिशीत आहेत, अजून पैसे भरून शोधनिबंध छापतात, गुणांचा तक्ता दर महिन्याला नव्याने जुळवतात. हुशार माणूस, पण वर्गातल्या मुलांकडे ते आता बघत नाहीत, फक्त पुढच्या मुलाखतीकडे बघतात. परमनंट होणं म्हणजेच यश, असं एकदा धरलं की आपल्या हातात असलेला तासही हातचा जातो.

आठव्या वर्षी मी दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे नऊच्या वर एकही तासिका घ्यायची नाही, आणि तासिकेबाहेरचं काम सांगितलं तर "सर, याचं बिल कसं करायचं?" एवढंच विचारायचं. नम्रपणे, खालच्या आवाजात. पहिल्या वेळी शांतता पसरली. दुसऱ्या वेळी काम दुसऱ्या कुणाला गेलं, म्हणजे ते संपलं नाही, माझ्याहून नवीन असलेल्या मुलीकडे गेलं, हे सांगताना मला अजून लाज वाटते. एकटीने काढलेली वाट अशीच असते. म्हणून मी तिला तोडगा म्हणत नाही.

दुसरी म्हणजे शेतकरी उत्पादक कंपन्यांचे हिशेब आणि कर्जासाठीचे प्रकल्प अहवाल करायला घेतले. अर्थशास्त्र शिकवणाऱ्या बाईला हे यायला हवं होतं, येत नव्हतं. वर्षभर एका ओळखीच्या ऑफिसात बसून शिकले. आता घर त्यावर चालतं. कॉलेज रोडवरच्या क्लासेसनी याहून जास्त देऊ केलं होतं, पण तिथे अकरावी-बारावीच्या मुलांना उत्तरं पाठ करून घ्यायची होती आणि ते माझ्याने होईना. अहवालांचं काम वर्गातही उपयोगी पडतं. परवा कांदाचाळीच्या कर्जाचा खराखुरा अहवाल, नावं झाकून, मी तिसऱ्या वर्षाच्या मुलांपुढे ठेवला आणि विचारलं, बँकेने हे कर्ज द्यावं का? वर्गात भांडणं झाली. तास संपल्यावरही व्हरांड्यात चालू राहिली. आम्हाला स्टाफरूममध्ये टेबल नसतं, त्यामुळे माझं निम्मं शिकवणं व्हरांड्यातच होतं. त्याचे पैसे मिळत नाहीत आणि त्याबद्दल मी कधी बिलाचं विचारलेलं नाही.

म्हणजे बघा, मी आता जवळजवळ त्या सीए सरांसारखी झाले आहे. उत्पन्न बाहेरून, शिकवणं आवडीने. समाधानही वाढलं आहे, खोटं कशाला बोलू. पण ही माझी सोय झाली, व्यवस्थेचा त्यात काही गुण नाही. नवरा कमावता आहे, नाशिकरोडला सासऱ्यांचं घर आहे, वर्षभर बिनपगारी शिकण्याची ऐपत होती. दिंडोरीकडून भाड्याच्या खोलीवर येणाऱ्या सेट झालेल्या मुलाला हाच सल्ला देणं म्हणजे चाळ बांधायला पैसे नसलेल्याला 'जरा थांब' म्हणणं आहे. अशा वैयक्तिक यशाच्या गोष्टी फार सांगितल्या की त्याचाही पुढे पाच सप्टेंबरच्या भाषणात उपयोग होतो, याची मला भीती वाटते.

मागणं तसं फार नाही. नेमणुकीच्या पत्रावर पैसे कोणत्या तारखेला मिळतील ती तारीख असावी. नेमणूक जूनपासून मेपर्यंत सलग असावी आणि सुट्टीच्या महिन्यांत काहीएक किमान रक्कम मिळावी, कारण पेपर आम्हीच तपासतो आणि मुलं दिवाळीतही फोन करतात. ज्या तासिका सलग पाच वर्षं त्याच विषयात, त्याच कॉलेजात उरतात, त्यांना तात्पुरतं म्हणायची मुभा काढून घ्यावी आणि तिथे पद द्यावं. मग ते मला मिळो वा दुसऱ्या कुणाला. शिकवलेली वर्षं अनुभवात धरावीत. आणि बाहेरचा धंदा सांभाळून शिकवायला येणाऱ्यांसाठी वेगळं नाव, वेगळा दर असावा, म्हणजे एकाच्या आडून दुसऱ्याला स्वस्तात ठेवता येणार नाही. यासाठी पैसे लागतील. इथलं हं.प्रा.ठा. (हंसराज प्रागजी ठाकरसी) महाविद्यालय १९२४ चं. या शहरातल्या उच्च शिक्षणाला शंभर वर्षं होऊन गेली. इथे एका सबंध रस्त्याचं नाव कॉलेजवरून पडलं आहे. सरकारला या कामी पैसे कमी पडतात, हे मला पटत नाही.

लाल कांद्याचं म्हणणारी ती मुलगी आता एम.ए. करतेय. मागच्या महिन्यात भेटायला आली, पेढे घेऊन, आणि विचारलं की सेटला बसू का. दोन वर्षांपूर्वी विचारलं असतं तर मी "बस की, छान शिकवशील" म्हटलं असतं. तेही खरंच आहे, ती छान शिकवेल. या वेळी मी तिला वही काढायला लावली. आठवड्याला नऊ तासिका, वर्षात शिकवण्याचे आठवडे किती, त्यातून सुट्ट्या वजा, एसटीचा पास वजा, खोलीचं भाडं वजा, बिल तीन महिने उशिरा येणार ते धर. तिने आकडे मांडले, खाली रेघ मारली आणि बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "मॅडम, तुमच्यासारखं व्हरांड्यात भांडायला मिळेल ना पण?" मी म्हटलं, "ते मिळेल. त्याला आकड्यात धरू नकोस."

काल तिचा मेसेज आला. सेटचा फॉर्म भरलाय. बँकेच्या परीक्षेचाही.